आपल्याच गावात ड्युटी नाही

टेरिटोरियल आर्मीतली माझी शेवटची नेमणूक गोंदियात होती. मी मूळची आमगावची. तरुणपणी सिग्नल्समध्ये शॉर्ट सर्व्हिस केली, मुदत संपल्यावर बाहेर पडले, आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवू लागले. नंतर टेरिटोरियल आर्मीत बायकांना घेऊ लागले तेव्हा पुन्हा अर्ज केला. शेवटी मेजर म्हणून एका कंपनीची कमांड मिळाली.

टेरिटोरियल म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे होमगार्ड का?" नाही. आमचा जवान एरवी आपल्या धंद्यात असतो. कोणी एसटी चालवतो, कोणी राइस मिलमध्ये फिटर असतो, कोणी वनखात्याच्या कामावर. वर्षातून ठरावीक काळ तो वर्दी घालतो, ट्रेनिंग करतो आणि घरी जातो. गरज पडली की त्याला बोलावणं जातं. त्याला आम्ही एम्बॉडी करणं म्हणतो. त्या क्षणापासून सोडेपर्यंत तो पूर्णवेळ सैनिक असतो.

माझं काम हे बोलावणं तयार ठेवण्याचं होतं. अडचण अशी की तीच माणसं दोन कामांसाठी लागायची. पूर, आग, रेल्वे अपघात अशा वेळी जिल्ह्यात. आणि संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेसाठी देशाबाहेर. वरून मागणी यायची: बोट ऑपरेटर इतके, ड्रायव्हर इतके, रेडिओ ऑपरेटर इतके. माझ्याकडे बोट ऑपरेटर तीनच होते, हवालदार बिसेन, नाईक कटरे आणि नाईक देवचंद नागपुरे. एकाला विमानात बसवलं की पावसाळ्यात माझ्याकडे दोन उरायचे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत माझी झोप नीट होत नसे, ती या हिशेबानं.

कंपनीचे सिनियर जेसीओ सुभेदार रहांगडाले. वर्दी नसताना ते राइस मिलची यंत्रं दुरुस्त करायचे. आमच्या कंपनीत एक नियम होता, तो त्यांचा. कोणत्याही जवानाला बचावाच्या कामासाठी त्याच्या स्वतःच्या गावात पाठवायचं नाही. मी रुजू झाले तेव्हा मला तो उलटा वाटला. गावचा माणूस गावाला जास्त ओळखतो, मग त्यालाच पाठवायला हवं.

"मॅडम," ते म्हणाले, "आपल्या गावात गेला की जवान जवान नाई राहत. कोणाचा तरी पोट्टा होऊन जाते."

मी ऐकलं नाही. त्या वर्षीच्या सरावात लान्स नाईक गजभियेला त्याच्या गावी पाठवलं. काम सोपं होतं. ओढ्याकाठची दहा घरं रिकामी करून माणसं शाळेत आणायची. बराच वेळ कोणी आलं नाही म्हणून मी जीप घेऊन गेले. गजभिये आत्याच्या ओसरीवर, अंगात लाइफ जॅकेट, पुढ्यात ताट.

"गजभिये, हे काय?"

"आत्या सोडून नाई राहिली मॅडम."

आत्या आतून म्हणाली, "तुमचा पूर जाऊन कुठं राहिला? पोरगं सकाळचं उपाशी आहे. तुम्ही पण बसा."

त्यानंतर मी नियम लेखी काढला. गजभियेला पुढचं वर्षभर सगळे "आत्या" म्हणत.

या गोष्टीत ज्याच्याबद्दल सांगायचं आहे तो नाईक देवचंद नागपुरे. मासेमारी करणाऱ्या घरातला, अंगानं दणकट, बोलणं मोजकं. वडील लवकर गेले. आई त्याला घेऊन माहेरी आली, आणि तो मामाच्या घरी वाढला. त्यांचा टोला, म्हणजे गावाबाहेरची छोटी वस्ती, बाघ नदीच्या काठी, कामठ्यापासून पुढे. टोल्याचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं आजही तिथेच राहतात. पाणी वाचायला देवचंदला मामानंच शिकवलं होतं.

ज्या पुराबद्दल सांगणार आहे, त्याच्या आधीचं वर्ष तो आफ्रिकेतल्या एका देशात शांतिसेनेत होता. तिथेही पूरच. दलदलीत वसलेली गावं, आणि महिनोन् महिने न उतरणारं पाणी. तो परत आला तेव्हा मी त्याला जवानांपुढे अनुभव सांगायला उभं केलं.

"तिथं म्हातारे लय होते," तो म्हणाला. "चालता येत नव्हतं. पाठीवर घेतलं न् बोटीत ठेवलं. भाषा समजत नव्हती, पण पाठ पुढं केली की बसत होते."

"अन् तुले इंग्लिश येते का बे?" गजभियेनं विचारलं.

"पाठ पुढं करायला इंग्लिश कायले लागते?"

सगळे हसले. गजभियेनं पुढे जोडलं, "आता हा साहेब झाला. चहात साखर कमी घेते."

त्या वर्षी ऑगस्टमध्ये बिसेन पुढच्या तुकडीबरोबर दिल्लीला गेला. परदेशी जाण्याआधीचं ट्रेनिंग सुरू होतं. माझ्याकडे कटरे आणि देवचंद उरले. वरच्या अंगाला, मध्य प्रदेशात, पाऊस थांबत नव्हता. मी रोज सकाळी धरणाच्या पातळीची चौकशी करायचे आणि रोज उत्तर आदल्या दिवसापेक्षा वाईट यायचं. मी कंपनीला आधीच इशारा दिला. पोळा तोंडावर होता, माणसं घरी बैलांच्या तयारीत होती, तरी बोलावणं गेल्यावर जवळजवळ सगळे हजर झाले. दोघांच्या स्वतःच्या घरात पाणी होतं, ते आले नाहीत. त्यांना मी विचारलंही नाही.

पहिला निरोप गोरेगावच्या बाजूनं आला. एका तलावाची पाळ खचत होती, खाली वस्ती होती. कटरेला एक बोट आणि मोठा गट देऊन तिकडे पाठवलं. तो पोचला असेल नसेल, तोच तहसीलमधून दुसरा फोन आला. बाघ नदीकाठच्या टोल्याला पाण्यानं वेढलं होतं. तो देवचंदचाच टोला.

मी सुभेदारसाहेबांकडे वळले.

"कटरेला परत बोलावू?" मी विचारलं.

"तो येईपर्यंत तिकडं लय पाणी चढन."

"दुसरा कोणी बोट चालवू शकतो?"

"चालवणारे आहेत. या पाण्यात नाई."

देवचंद दारात उभा होता. त्यानं काही मागितलं नाही. मी म्हणाले, "जा. गजभियेला घे. तिसरा माणूस देऊ शकत नाही."

"जी मॅडम."

कंट्रोल आम्ही उंचावरच्या एका शाळेत लावला. तिथून टोला दिसत नव्हता. समोर गढूळ पाणी, त्यात विजेचे खांब, मधेच एखाद्या बाभळीचा शेंडा. व्हरांड्यात रेडिओ सेट, शेजारी मी. रेडिओच्या नेटवर हिंदीत बोलायचा आदेश असतो. आमची मुलं माझ्याशी मराठीत बोलायची आणि मी ते चालवून घ्यायचे.

दोघांच्या क्रूची पद्धत ठरलेली होती. माणसं शिडीनं उतरतात तेव्हा एक जण बोट घराला धरून ठेवतो. दुसरा हातात बांबू घेऊन फक्त वरच्या बाजूला, प्रवाहाकडे, पाहत राहतो. पुरात पाण्यापेक्षा पाण्याबरोबर येणारं लाकूड जास्त वाईट. त्या माणसानं दुसरं काहीही करायचं नाही.

पहिल्या फेरीत बायका, मुलं आणि देवचंदची आई आली. दुसऱ्या फेरीत राहिलेले पुरुष. आई व्हरांड्याच्या खांबाला टेकून बसली. बारीक, काळीसावळी बाई, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. कोणीतरी तिला चहा दिला, तो तिनं बाजूला ठेवला.

"माहा भाऊ नाई आला," ती मला म्हणाली.

मी रेडिओवर विचारलं. "बोट एक, कंट्रोल. टोला रिकामा झाला का? ओव्हर."

"कंट्रोल, बोट एक. एक माणूस राहिला. घरकुलाच्या स्लॅबवर आहे. गुडघे गेलेत, शिडी उतरता येत नाही. ओव्हर."

"कोण आहे?"

उत्तर आलं. "मामा."

त्याच सुमाराला तहसीलमधून निरोप आला होता की वर धरणाचे आणखी दरवाजे उघडले आहेत आणि ते पाणी संध्याकाळच्या आत आमच्याकडे पोचेल. स्लॅब तेव्हा वर राहील की नाही, हे सांगणारं कोणी नव्हतं. मी देवचंदला तिसऱ्या फेरीची परवानगी दिली. परवानगी नव्हे, आदेश दिला. "जा, घेऊन ये." बोट घराला बांधायची, गजभियेनं बांबू घेऊन प्रवाहाकडे पाहायचं, देवचंदनं वर चढून म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन खाली यायचं. आफ्रिकेत हे काम त्यानं कित्येकदा केलं होतं.

मग बराच वेळ सेटवर काही नाही. मी दोनदा हाक दिली. तिसऱ्यांदा उत्तर आलं.

"कंट्रोल, मामा पाठीवर बसत नाहीत. ओव्हर."

मी "का" असं विचारलं नाही. बाहेरच्या अधिकाऱ्याला विचारावं लागलं असतं. आमच्या पूर्वेच्या भागात, छत्तीसगडच्या अंगाला, बऱ्याच घरांत मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा कितीही लहान असो. आमगावात माझे मामाही मोठ्या वयात माझ्या पाया पडायचे आणि मला अवघड व्हायचं. अशा घरातला म्हातारा भाच्याच्या पाठीवर बसणार नाही. बसला तर त्याचे पाय भाच्याच्या अंगाला लागतील. ते पाप. सुभेदारसाहेबांना हे कळत होतं, मलाही. पाण्याला कळत नव्हतं.

आई उठून सेटजवळ आली. "मले बोलू द्या."

नियमात बसत नव्हतं. मी हँडसेट तिच्या हातात दिला आणि बटण मी दाबून धरलं.

"दादा, मी होय. बस ना त्याच्या पाठीवर!"

पलीकडून देवचंदनं सेट म्हाताऱ्याच्या तोंडाशी धरला असावा. वाऱ्याचा आवाज, मग म्हातारा. "काऊन बसू? माहे पाय लागन भाच्याले. मरताना हे कायले करू?"

"मरताना नाई रे, जगताना म्हणून राहिली मी! पाप लागन त मले लागन. सांगून राहिली ना मी. बस!"

"तू चूप. दुसऱ्या पोराले पाठव म्हणा. तो कोणाचा आहे?"

"गजभिये," सुभेदारसाहेब हळूच म्हणाले. "त्याच्या पाठीवर बसन हा बुढा. पण तो पोट्टा आहे काडी. एकट्याच्यानं नाई होणार."

एकट्यानं करायचं तर गजभियेला म्हाताऱ्याला दोरीच्या झोळीत बसवून हळूहळू खाली सोडावं लागणार होतं. बांधलेली बोटही प्रवाहात हेलकावते; झोळी नेमकी तिच्यात उतरावी म्हणून तेवढा वेळ देवचंदला दोन्ही हातांनी ती भिंतीशी ओढून धरावी लागणार, म्हणजे त्याची पाठ प्रवाहाकडे. बांबू घेऊन पाहणारा माणूस बोटीत उरणार नव्हता. दुसरा मार्ग म्हाताऱ्याला सोडून यायचं. तिसरा, देवचंदनं त्याला जबरदस्तीनं उचलायचं. हा तिसरा मी रेडिओवर सुचवला.

"मॅडम, धक्काबुक्कीत दोघंही शिडीवरून पडू," तो म्हणाला. मग म्हणाला, "आणि माझ्यानं होणार नाही."

देवचंदनं मला नाही म्हटलेलं ते एवढं एकदाच.

मी पाण्याकडे पाहिलं. शाळेच्या उतारावर लावलेला दगड, ज्यावरून आम्ही पातळी पाहत होतो, बुडाला होता.

"बोट एक. गजभिये वर चढेल. झोळी करा. तू बोट धर. लवकर. ओव्हर."

"रॉजर."

आई माझ्या शेजारीच उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

पुढचं मला गजभियेनं सांगितलं. त्यानं देवचंदकडचा सेट गळ्यात अडकवला, म्हाताऱ्याच्या काखेतून दोर घेतला, झोळी केली, कठड्याशी आणलं. खाली देवचंद भिंतीला पाय रोवून बोट धरून होता. म्हातारा म्हणत होता, "देवा, तू बाजूला हो रे, माहे पाय तुह्या डोक्यावर येऊन राहिले." देवचंद म्हणाला, "डोळे मिटून घ्या मामा, मंग नाई दिसणार." गजभिये हसला. त्याच वेळी त्याला वरच्या बाजूनं ओंडका येताना दिसला. सागाचा, आख्खा, मुळांसकट. तो ओरडला. देवचंदनं मान वळवली.

सेटवर मला इतकंच ऐकू आलं.

"कंट्रोल! कंट्रोल! बोट उलटली!"

"नागपुरे?"

"दिसत नाई."

"म्हातारा?"

"माझ्याजवळ आहे. वर ओढला."

"तिथेच थांब. पाण्यात उतरू नको. हा आदेश आहे. ओव्हर."

"मॅडम, तो—"

"उतरू नको. म्हाताऱ्याला धरून बस. ओव्हर."

तो उतरला नाही. त्याबद्दल तो पुढे कित्येक महिने माझ्याशी नीट बोलत नव्हता. मी समजू शकते.

कटरे तळ्याचं काम आटोपून दुसरी बोट ट्रकवर टाकून आला. उजेड होता तोवर त्यानं दोघांना आणलं. म्हातारा कटरेच्या पाठीवरून उतरला आणि जमिनीवर बसला. आई व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. भाऊबहिणीत वीस पावलांचं अंतर, आणि त्या अंतरातून आमचे जवान ये-जा करत होते.

देवचंद दुसऱ्या दिवशी सापडला, खालच्या बाजूला, एका बांधीत, बांध घातलेल्या धानाच्या शेतात. लाइफ जॅकेट अंगातच होतं. मार डोक्याला होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. मला विचारलं गेलं की तिसऱ्या फेरीला जवान स्वतःहून, नातलगासाठी गेला का. मी सांगितलं की तो माझ्या आदेशानं गेला. क्रूची पद्धत कोणी मोडली? माझ्या आदेशानं मोडली. मी तो आदेश का दिला, तेही सांगितलं. तेवढ्या माहितीवर आज पुन्हा तोच दिला असता, हेही सांगितलं. अध्यक्षांनी लिहून घेतलं. मृत्यू ड्युटीवर धरला गेला.

टोल्यात मात्र लोक वेगळंच बोलत होते. मामापायी भाचा गेला, असं. म्हातारा घराबाहेर निघायचा बंद झाला होता. बहीण एकाच अंगणात राहून त्याच्या दारात जात नव्हती. सुभेदारसाहेबांनी मला सांगितलं तेव्हा मी ठरवलं की हे मिटवलं पाहिजे. मी साड्या कमी नेसते. त्या दिवशीही वर्दीतच गेले. मुद्दाम.

आधी म्हाताऱ्याकडे. तो खाटेवर होता.

"तो तुमच्यासाठी गेला नाही," मी म्हणाले. "मी पाठवला होता. बोट धर हे मी सांगितलं. तुम्ही हट्ट केला, तो तुमचा. पण आदेश माझा."

त्यानं माझ्या खांद्यावरच्या चिन्हाकडे पाहिलं. "मंग तुम्हीच सांगा तिले."

आई अंगणाच्या पलीकडे धान पाखडत होती. मी तेच तिला सांगितलं. तिनं सूप थांबवलं नाही.

"मी उभी नव्हती का तिथं? सगळं ऐकलं मी. तुमचा हुकूम मले मालूम आहे."

"मग भावावर राग कशाला?"

"राग कोणं म्हटलं?" आता ती थांबली. "मी त्याले म्हटलं होतं, पाप लागन त मले लागन. रेडिओवर म्हटलं. तुम्ही बटण दाबून होत्या. तो बसला नाई, पण माहं बोलणं त तोंडातून गेलं ना? ते मलेच लागलं. आता कोणत्या तोंडानं त्याच्या दारात जाऊ?"

मी एवढंच म्हणाले की कंपनीच्या हिशेबात जबाबदारी एकाच माणसाची असते आणि तो माणूस मी आहे. तिघांत वाटून देता येत नाही. तिला ते पटलं का, माहीत नाही. मी निघाले तेव्हा ती सूप घेऊन भावाच्या दाराशी उभी होती. आत गेली की नाही, मी थांबून पाहिलं नाही.

नियम सुधारला. आपल्याच गावात ड्युटी नाही, हे कायम. नाइलाज झाला तर क्रूमध्ये तिसरा माणूस, ज्याचं त्या गावात कोणी नाही, आणि तो मिळेपर्यंत बोट निघणार नाही. हे मी लिहून गेले. पुढच्यांनी पाळावं. परदेशी तुकडीसाठी बोट ऑपरेटर पावसाळ्यात मागू नयेत, असंही वर लिहिलं. त्याचं उत्तर मी निवृत्त होईपर्यंत आलं नव्हतं.

आता सराव होतो तेव्हा बोलावलं तर मी पाहायला जाते. बोट घराला लावताना आमची मुलं आधी पूर्ण फेरी मारून नाक प्रवाहाकडे करतात आणि मगच दोर टाकतात. म्हणजे बोट धरणाऱ्याची पाठ प्रवाहाकडे येतच नाही. गजभियेनं हे बसवलं. तो आता हवालदार आहे. या फेरीला मुलं "नागपुरे" म्हणतात. "नागपुरे मार, मग दोर टाक." कोणत्याही पुस्तकात हा शब्द नाही.

मागच्या सरावात एका नव्या रिक्रूटनं विचारलं, "हवालदारसाहेब, याले नागपुरे काऊन म्हणतात?"

गजभिये दोर गुंडाळत होता. "नाईक होता," तो म्हणाला. "बोट ऑपरेटर. आपल्या कंपनीचा." मग म्हणाला, "हात चालव बे. पुन्हा मार."